ज्यांनी फोन उचलला

तिला प्रवेशपरीक्षेत नेहमी एकाच जागी ठेच लागायची. भाषेचे प्रश्न ती बऱ्यापैकी सोडवायची, आकडेमोड तर तिच्या हातचा मळ होती; पण तर्काच्या भागात सर्वेक्षणाचा प्रश्न आला, की तिचं पेन तिला न विचारता एका ठरावीक पर्यायाकडे वळायचं. 'ज्यांना विचारलं त्यांची संख्या फार कमी होती.' आणि हा पर्याय बहुतेक वेळा चुकीचा निघायचा.

दोष तिचा थोडा, तिच्या शिक्षणाचा जास्त. प्रयोगशाळेत तिला पहिल्या वर्षापासून एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: एका मोजणीवर विसंबू नये, पुन्हा मोजावं. पुढे रुग्णालयातल्या कानाच्या विभागात तपासनीस म्हणून ती लागली, तिथंही तेच. शंका आली की आणखी मोजा. चुकीच्या माणसांना प्रश्न विचारला तर आणखी हजार जणांना विचारून तो बरोबर होत नाही, हे तिला समजावल्यावर समजायचं. पण समजणं वेगळं आणि घड्याळाचा काटा पळत असताना सुचणं वेगळं.

गेल्या वर्षी ती थोडक्यात हुकली होती. हातात पदविका होती, कामाचा अनुभव होता, पण वरच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवून तो पुरा केल्याशिवाय तिच्या कुठल्याच तपासणीवर तिची स्वतःची सही चालत नव्हती. प्रत्येक कागद विभागप्रमुख बाईंकडे जायचा. यंदा जमलं नाही, तर पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

तर्काचा एक चांगला क्लास गावात होता, पण तो भरायचा गुरुवारी दुपारी. आणि गुरुवारची दुपार म्हणजे विभागात तिची 'कुरकुरीची दुपार'.

हे नाव कानशेठनं ठेवलेलं. कानशेठ हा साचे करणारा कारागीर. कानात मऊ लगदा भरून तो साचा काढायचा, घासायचा, पुन्हा घासायचा, आणि आपल्या साच्यात बसलेला प्रत्येक कान आपल्याच मालकीचा असल्यासारखा बोलायचा. म्हणून तो कानशेठ. ज्यांची ऐकण्याची मशीनं नीट लागली नाहीत, ते लोक गुरुवारी दुपारी यायचे. कुणाचं मशीन शिट्टी मारायचं, कुणाचा कान दुखायचा, कुणाला सुनेचा आवाज नको तितका ऐकू यायचा आणि नातवाचा अजिबात नाही. मग ती मशीनला तार जोडून संगणकावर कुठले आवाज उतरवायची, कुठले चढवायची, आणि कानशेठ साच्यावरून पुन्हा कानस फिरवायचा. हे काम किचकट होतं आणि कुणाच्या नजरेत भरणारं नव्हतं. हल्ली त्या दुपारी गर्दीही रोडावली होती.

तेवढ्यात रुग्णालयाच्या विश्वस्तांना चष्म्यांच्या दुकानासाठी जागा हवी झाली आणि त्यांचा डोळा गुरुवारच्या खोलीवर गेला. विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून सांगितलं, की उगीच वाद नको, आपण आपल्या लोकांनाच विचारू. मशीन घेतलेल्या सगळ्यांना फोन कर. लोक समाधानी असतील तर दुपार बंद करू. नसतील तर मी विश्वस्तांशी भांडेन.

तिनं ते काम मन लावून केलं. कामात चुकारपणा तिला कधी जमलाच नाही. यादीतलं एकही नाव गाळलं नाही, सगळ्यांना एकाच शब्दांत विचारलं, "मशीन छान चाललंय ना? काही तक्रार नाही ना?" कुणी फोन उचलला नाही तर वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा लावला, आणि तरीही नाही उचलला तर ते नाव बाजूला ठेवलं. काही घरांत मुलगा किंवा सून फोन घ्यायची आणि सांगायची, "हो, हो, हल्ली ते कुरकुरच करत नाहीत." तेही तिनं लिहून घेतलं. उत्तर देणाऱ्या शंभरांतले ब्याण्णव समाधानी निघाले. कानशेठला हा आकडा कळला तेव्हा तो दिवसभर छाती फुगवून फिरला. मशीनं कुणीही बनवेल, कान धरून ठेवतो तो साचा, असं त्याचं म्हणणं. बाईंनी अहवालावर सही केली. शनिवारी विश्वस्तांची बैठक होती, तिथं तो जाणार होता.

तिच्या दृष्टीनं तर सुंठीवाचून खोकला गेला. तिनं त्याच संध्याकाळी क्लासात नाव घातलं.

ती राहायची मावशीकडे. शिकायला म्हणून आली, आई गेल्यावर तिथंच राहिली, आणि आता हे घर तिचं नाही असं कुणी म्हटलं असतं तर तिला चटकन अर्थच लागला नसता. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची शिक्षिका. मावशीनं तिला लाडात वाढवलं असं म्हणता येणार नाही. चुकलं तर चुकलं म्हणायची. पण भाचीची परीक्षा म्हणजे मावशीची परीक्षा. सकाळी दूध तापवण्याआधी तिच्या टेबलावरचा दिवा पुसून ठेवलेला असायचा. मागच्या निकालाच्या दिवशी मावशीनं सांत्वनाचा एकही शब्द काढला नव्हता. चुकलेले प्रश्न आठवतील तसे लिहून काढ, इतकंच म्हणाली होती, आणि ते वाचून झाल्यावर निदान केलं होतं, "शहाणे, तुझं एकाच जातीच्या प्रश्नाशी वाकडं आहे. बाकी सगळं ठीक आहे. एकच दात किडलाय, कवळी नको."

बुधवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी बसल्या होत्या. मावशी वाटाणे सोलत होती, आणि ती सरावाच्या पुस्तकातला प्रश्न वाचून दाखवत होती. एका कारखान्याच्या उपाहारगृहात जेवायला बसलेल्यांना जेवण कसं वाटतं ते विचारलं. बहुतेकांनी चांगलं म्हटलं. त्यावरून व्यवस्थापनानं ठरवलं, की कारखान्यातल्या कामगारांना उपाहारगृहाचं जेवण आवडतं. यातला कच्चा दुवा कोणता?

ती म्हणाली, फार थोड्यांना विचारलं.

 मावशीनं दोन वाट्या पुढे ओढल्या आणि ओंजळभर वाटाणे मोठ्या वाटीत ओतले. हे सगळे कामगार, म्हणाली. निष्कर्ष यांच्याबद्दल आहे. मग त्यातले मूठभर उचलून लहान वाटीत टाकले. हे जेवायला बसलेले. प्रश्न यांना विचारलाय. पर्याय वाचायचेच नाहीत. आधी मोठ्या वाटीत कोण आणि लहान वाटीत कोण, एवढंच बघायचं. आणि मग विचारायचं, की मोठ्या वाटीतले जे इकडे आले नाहीत, ते का आले नाहीत?

ती वाट्यांकडे बघत राहिली. "ज्यांना ते जेवण आवडत नाही, ते घरून डबा आणत असतील."

"मग आता लहान वाटीत कितीही वाटाणे भर. उपयोग आहे?"

नव्हता. हे इतकं उघड होतं, की तिला स्वतःचंच हसू आलं. पुढचा प्रश्न तिनं बरोबर सोडवला. त्याच्या पुढचाही. पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून पाण्याची भीती वाटते का विचारणारे, नोकरी सोडून गेलेल्यांना वगळून नोकरीबद्दल विचारणारे, सगळे तिनं एकामागून एक पकडले. मावशी खूश झाली. आणि खूश झाली की मावशीला शाळा आठवायची.

तिनं सांगितलं, की ती पहिल्यांदा वर्गावर उभी राहिली तेव्हा तिचा आवाज म्हणजे नुसती चिवचिव. वर्ग लांबुडका आणि मुली खच्चून भरलेल्या. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, की मागपर्यंत पोचलं पाहिजे. म्हणून ती दर थोड्या वेळानं विचारायची, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतंय ना? आणि "हो बाई" असा दणदणीत पुकारा यायचा. पहिली चाचणी होईपर्यंत ती अगदी निर्धास्त होती. चाचणीत मागच्या रांगा सपशेल आडव्या झाल्या.

"आता सांग," मावशी म्हणाली, "हो कोण म्हणत होतं?"

"ज्यांना प्रश्न ऐकू येत होता त्या."

"ज्यांना प्रश्न ऐकू येत होता त्या," मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तिचं हसू आधी थांबलं. तिला विभागातल्या आपल्या टेबलावरचा फोन दिसला, समोरची यादी दिसली, आणि बाजूला ठेवलेली ती सगळी नावं दिसली. कानानं अधू असलेल्या माणसांना तिनं फोनवर विचारलं होतं, नीट ऐकू येतंय ना? आणि ज्यांनी फोन उचलला, त्यांनी हो म्हटलं होतं.

बाजूला ठेवलेल्या नावांत एक नाव मावशीचं होतं. तिन्ही वेळा फोन वाजून वाजून बंद झाला होता. मावशी बागेत असेल, अंघोळीला गेली असेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं. मावशी समाधानी आहे हे तर घरातच माहीत होतं, रोज दिसत होतं. मशीन रोज कानात असायचं. ते तिनंच बसवलं होतं, नोकरीला लागल्या लागल्या. पण त्या मशीनला शेवटची बॅटरी कधी घातली, हे तिला आठवेना. आठवेना कारण बॅटरी संपतच नव्हती.

ती उठली, भांडं घेऊन नळापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहून नळ सोडला. तसं करताना तिला स्वतःची लाज वाटत होती.

"मावशी," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुझं मशीन बंद असतं ना?"

मागून वाटाण्यांच्या शेंगा फुटण्याचा आवाज येत राहिला. एका लयीत, जराही न थांबता.

तिनं नळ बंद केला, वळली, मावशीच्या समोर येऊन बसली आणि तेच शब्द पुन्हा म्हणाली. या वेळी मावशीची नजर तिच्या ओठांवर होती. शेंग हातात तशीच राहिली.

"हो," मावशी म्हणाली.

 मग मावशीनंच सांगायला सुरुवात केली, आणि एकदा बांध फुटल्यावर तिला थांबवत नव्हतं. मशीन चालू केलं की नळाचं पाणी डोक्यात पत्रे कोसळावेत तसं कोसळायचं. भांड्याला भांडं लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. आणि माणसांचं बोलणं मात्र पांघरुणाखालून आल्यासारखं. आठवडाभर सोसलं, मग बंद करून टाकलं. कानात ठेवत होती ती भाचीसाठी. ओठ वाचायला ती आपली आपण शिकली होती. मैत्रिणींच्या बैठकीला जाणं सोडलं, कारण तिथं सगळ्या एकदम बोलतात आणि ओठ दोनच डोळ्यांनी वाचायचे असतात. फोन वाजला तर तो कळायचाच नाही.

भाचीला वाटलं होतं, मावशीला वयाप्रमाणे घराची ओढ लागली आहे. दिवसभर परक्यांचे कान तपासायचे आणि घरातला कान तसाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारायचीस कशी ते आठव. 'छान ऐकू येतंय ना, मावशी?' उत्तर तूच ताटात वाढून द्यायचीस. आणि इतक्या हौसेनं बसवलं होतंस. त्यावर माणूस काय बोलणार? म्हटलं, पोरीचं पहिलं काम आहे, असू दे."

तिला रडू यायला हवं होतं, पण आलं ते वेगळंच काहीतरी. कुणीतरी इतकी वर्षं आपलं मन राखण्यासाठी एवढ्या शांततेत एकटं बसून राहिलं, याचं ओझं वाटावं की ऊब वाटावी, तिला ठरवता येईना. तिनं मावशीच्या हातातली शेंग काढून घेतली आणि तो हात तसाच धरून ठेवला.

मावशी मात्र शिक्षिका होती. तिच्या डोक्यात पुढचा प्रश्न आधीच तयार होता. तिनं विचारलं, की शनिवारी तो अहवाल जाणार आहे ना? आणि गुरुवारची दुपार राहिली, तर तुझ्या क्लासाचं काय?

क्लासाचं काय, याचं उत्तर दोघींनाही माहीत होतं.

"जाऊ दे तो अहवाल," मावशी म्हणाली. "आधी पास हो. माझं काय, ओठ वाचण्यात मी आता पदवी घेतलीय. माझ्या कानाचं मागाहून बघू, घरीच."

ती वाट्यांकडे बघत होती. लहान वाटीत मूठभर वाटाणे होते.

"तू एकटी असतीस तर घरीच बघितलं असतं, मावशी. पण मोठी वाटी भरलेली आहे."

मावशीनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग शेंगांची पाटी पुन्हा मांडीवर घेतली आणि म्हणाली, की ठीक आहे, मग क्लास घरीच भरेल. रोज संध्याकाळी, आणि दांडी चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाईंच्या खोलीबाहेर घुटमळली. बाई तशा वाईट नव्हत्या, पण त्यांची सही झाली होती, बैठक दोन दिवसांवर होती, आणि आपण केलेलं काम आपणच खोडायचं म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिनं आत जाऊन सगळं सांगितलं. कुणाला विचारलं, कोण उत्तर देऊ शकत होतं, कोण देऊ शकत नव्हतं. प्रश्नातच हो भरलेलं होतं हेही सांगितलं. आणि विचारणारी तीच होती, जिनं बहुतेकांची मशीनं बसवली होती. मावशीचं सांगावं की नाही यावर ती अडखळली, पण तेही सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अहवाल ओढून पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं.

"कान तपासणाऱ्या विभागानं फोनवरून सर्वेक्षण केलं," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि त्यावर मी सही केली. इतकी वर्षं या खुर्चीत बसून. तू चुकलीस ते चुकलीस, मी तर वाचूनही चुकले."

मग त्या हसल्या, फार नाही, पण मनापासून. बरं झालं बैठकीआधी आलीस, नाहीतर विश्वस्तांसमोर आपण दोघी कानांत बोटं घालून बसलो असतो, असं म्हणाल्या. त्यांनी अहवाल मागे घेतला, विश्वस्तांकडून पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागितली, आणि तिला एकच सांगितलं: पुन्हा विचार, पण या वेळी मागच्या बाकाला विचार. मागच्या बाकाची गोष्ट तिनं त्यांना सांगितली होती, आणि ती त्यांना फार आवडलेली दिसत होती. त्या खोलीतून बाहेर पडताना तिचे पाय हलके झाले होते. वर्षभर ज्या सहीचा तिला काच वाटत आला होता, ती सही करणाऱ्या बाईबद्दल तिला पहिल्यांदाच मनातून बरं वाटलं.

फोन न उचलणाऱ्यांच्या, आणि ज्यांच्या वतीनं मुला-सुनांनी उत्तर दिलं त्यांच्याही घरी कुणीतरी जायला हवं होतं, आणि ते कुणीतरी ती असून चालणार नव्हतं. तिच्यासमोर सगळे छानच म्हणाले असते. काम कानशेठकडे आलं. आधी तो रुसला. शंभरांतले ब्याण्णव हातचे गेल्याचं दुःख त्याला खरोखरच झालं होतं. पण कानशेठचा चेहराच असा होता, की समोरच्याला आपोआप तक्रार सुचायची. प्रश्न तिनं बदलून दिले. छान चाललंय का, असं विचारायचं नाही. मशीन आत्ता कुठं आहे, ते दाखवा म्हणायचं. आणि बोलणं जिथं अडेल तिथं पाटीवर लिहून दाखवायचं.

कानशेठ रोज काहीतरी नवीन घेऊन यायचा. एक मशीन चष्म्याच्या घरात होतं, एक किल्ल्यांबरोबर खिळ्याला टांगलेलं. एका आजींनी ते शेजारणीला वापरायला दिलं होतं, कारण तिला जास्त गरज आहे म्हणे. एक आजोबा ते रोज घालत होते, पण डाव्या कानाचं उजव्यात. साचा टोचतो म्हणून वर कापूस लावून. 'हल्ली ते कुरकुरच करत नाहीत' असं ज्यांच्याबद्दल सुनेनं सांगितलं होतं, त्या गृहस्थांनी पाटीवर स्वतःच लिहिलं: सांगून सांगून थकलो. कानशेठ ते वाक्य सांगताना पहिल्यांदाच विनोद करायला विसरला. शेवटी हिशेब झाला तेव्हा फोन न उचलणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांची मशीनं बंद निघाली.

"निम्म्यांत दोष माझ्या साच्यांचाच आहे, ताई," तो म्हणाला. "बोलवा सगळ्यांना. कानस मी घासून ठेवतो."

पुढच्या बैठकीत बाई विश्वस्तांशी भांडल्या की नाही, ते कुणाला कळलं नाही. त्या बाहेर आल्या आणि गुरुवारची दुपार चालू राहील, एवढंच म्हणाल्या. चष्म्यांचं दुकान जिन्याखाली गेलं. तिनं क्लासातलं नाव काढून घेतलं.

त्यानंतरचे गुरुवार दमवणारे होते. खोलीबाहेरचं बाकडं पुरेना. मागच्या बाकावरचे सगळे एकदम पुढे आल्यासारखे झाले. घरी पोचेपर्यंत तिच्यात त्राण उरायचं नाही, आणि मावशी वाट्या मांडून बसलेली असायची. एकदा ती म्हणाली की आज नको, डोळे मिटताहेत. मावशी म्हणाली, मीट, प्रश्न मी वाचते. वाटाण्यांचा हंगाम संपला तेव्हा वाट्यांत बटणं आली. मशीन मावशीनं एव्हाना कानातून काढून टेबलावर ठेवलं होतं. सोंग संपल्यापासून ती अधिक ऐसपैस बोलायला लागली होती. घरातच जुळवून देते म्हटलं तर ऐकेना. सगळ्यांबरोबर बाकड्यावर बसेन, आणि माझा नंबर लागेल तेव्हाच येईन, हा तिचा हेका. आली तेव्हा पहिल्या खेपेला थोडं जमलं, दुसऱ्या खेपेला बिनसलं. कानशेठनं साचा नव्यानं घेतला.

परीक्षेत सर्वेक्षणावरचे प्रश्न आले. तिनं पेन खाली ठेवलं, मनातल्या मनात दोन वाट्या मांडल्या आणि मगच पर्याय वाचले. 'संख्या फार कमी होती' हा पर्याय जुन्या ओळखीच्या माणसासारखा तिथंच उभा होता. एका प्रश्नात तो खरोखरच बरोबर असावा असं तिला वाटलं, आणि बाहेर आल्यावर ती त्याच एका प्रश्नावरून मावशीशी वाद घालत राहिली. त्याचं उत्तर तिला पुढेही कधी कळलं नाही. निकाल लागला. तर्काच्या भागात ती मोठ्या फरकानं नव्हे, पण निश्चित पार पडली होती. प्रवेश मिळाला. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, की परत आलीस की या कागदांवर तुझी तू सही कर, माझा हात दुखून आला आहे.

निकाल लागला तो गुरुवारच होता. दुपारी मावशी तिसऱ्या खेपेला आली, बाकड्यावर बसली, आणि नंबर लागल्यावर खुर्चीत येऊन बसली. भाचीनं मशीनला तार जोडली. नळाचे, भांड्यांचे आवाज तिनं आधीच उतरवले होते. आता मावशीशी काहीबाही बोलत बोलण्यातले बारीक आवाज एकेक करून वर घेतले. मावशी डोळे मिटून बसली होती, ओठांकडे न बघता. शेवटचं बटण दाबून तिनं तार सोडवली आणि तिच्या जिभेवर प्रश्न आला. छान ऐकू येतंय ना?

तो तिनं गिळला. मावशीचा कागद उचलला, शेजारच्या खोलीत जाऊन कानशेठच्या हातात दिला आणि म्हणाली, की तुम्ही विचारा. ती स्वतः व्हरांड्यात थांबली, दाराच्या आडोशाला.

कानशेठनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. काय काय त्रास होतोय ते सगळं सांगा, असं तो आपल्या रडक्या सुरात म्हणाला, आणि मावशीनं सांगायला घेतलं. वरचा पंखा कुरकुरतोय. कानशेठच्या चपलेचा अंगठा सुटलाय, तो शिवून घ्यावा. बाहेर बाकड्यावर कुणीतरी सारखं खोकतंय, त्याला पाणी द्या. साचा खाली किंचित टोचतो, फार नाही. कानशेठ प्रत्येक गोष्टीला हं म्हणत लिहून घेत होता. मावशी थोडी थांबली.

"आणि एक. माझी भाची बोलता बोलता मध्येच थांबते, श्वास घेते, मग पुढचं बोलते. मघाशी ऐकलं मी. तिची आई अगदी अशीच बोलायची. मला माहीतच नव्हतं, की ते हिच्यात आलंय. ओठांवर ते दिसत नाही."

कानशेठनं पेन थांबवलं असावं. "हे कशात लिहू, मावशी? ही तक्रार कुठली?"

"तक्रार नाही हो. ते राहू द्या. तुम्ही पंख्याचं लिहा."

बाकड्यावरचे लोक तिच्याकडे बघत होते. तिनं पदराच्या टोकानं चेहरा पुसला, खोकणाऱ्या आजोबांना पाण्याचा पेला भरून दिला, आणि पंख्याचा आवाज उतरवायला परत आत गेली.